पुंगळी रिकामी आहे म्हणे

मंगळवार, चौदा तारीख
संध्याकाळ

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं, एरवी आज माझ्याकडे तुझ्यासाठी आशीर्वाद शिल्लक नाहीत. इकडे सगळं खुशाल आहे. म्हणजे बाबांचे डोळे आणि हात जागच्या जागी आहेत. त्याचं श्रेय तुला अजिबात नाही.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर तू आवाज चढवतोस, मग मी चढवते, आणि रागानं आधी कोण ठेवतं एवढंच उरतं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. सगळं वाच, आणि बसून वाच.

रविवारी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. अर्धं तोंड बधिर घेऊन परत येते तर आपल्या बंदुकांच्या दुकानातून हातोडीचा आवाज. दार ढकललं. तुझी रायफल बाकड्यावरच्या व्हाइसच्या जबड्यात पकडलेली, मागची खिट्टी, बोल्ट, काढून बाजूला ठेवलेला, नळीच्या तोंडातून पितळी गज आत घातलेला, आणि बाबा त्या गजावर ओणवे होऊन हातोडी उचलत होते. एक ठोका पडून गेला होता. दुसऱ्यासाठी हात वर गेला होता.

"धाकट्याची पुंगळी अडकलीये," मला बघून म्हणाले. "रिकामी आहे, गोळी सुटलेली. दोन ठोक्यांत पडेल."

मी गजाकडे बघितलं. चार बोटं जास्त बाहेर होता. रिकामी पुंगळी असती तर गज तिच्या पोटात जाऊन तळाला टेकला असता. हा वरच टेकला होता, कशावर तरी. म्हणजे गोळीच्या टोकावर. भरलेलं काडतूस आत, पाठीमागे बोल्ट नाही, आणि माझे बाबा त्याच्या डोक्यावर ठोके घालतायत.

ओरडायला गेले तर ओठ हलेना. धावत जाऊन मनगट धरलं. बाबा चिडले, "अगं, वेड लागलं का तुला?"  टॉर्च घेऊन मागच्या बाजूनं चेंबरमध्ये उजेड पाडला. तळाची टोपी गुळगुळीत, पिनेची खूण नाही, म्हणजे बार उडालेलाच नाही. बाबांनी वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग हातोडी मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

ते उडालं असतं तर गज कुठे गेला असता ते तुला मी सांगायला नको. तू नेमबाज आहेस, बक्षिसं घेतलीयेस. तळपायाची आग मस्तकात जाते माझी नुसतं लिहितानासुद्धा.

त्या संध्याकाळी फोनवर काय म्हणालास? "मी बाबांना म्हणालो होतो, ताई आली की काढेल." अरे शहाण्या! जन्मभर बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला सांगायचं, रिकामी पुंगळी अडकलीये, मुलगी येईपर्यंत हात लावू नका? रायफल इथे टाकून तू सासुरवाडीच्या दिशेनं गाडी वळवली असशील-नसशील, तेवढ्यात त्यांनी गज उचलला. भरलंय म्हणाला असतास तर त्यांनी रायफल वाळूच्या पेटीकडे तोंड करून ठेवली असती आणि स्वतः चार हात लांब उभे राहिले असते. त्यांनीच शिकवलंय आपल्याला. बंदूक रिकामी आहे असं देवानं येऊन सांगितलं तरी स्वतः बघायचं. जगात कुणावर ठेवला नाही तो विश्वास त्यांनी तुझ्यावर ठेवला, आणि तू त्याची ही गत केलीस.

आणि तुझी बायको मला जे म्हणाली ते इथे लिहिते, तिच्यावर डाफरू नकोस. घरी तूही मागच्या खोलीत दांडकं घालून ठोकून बघितलंस. ती भिंतीपलीकडे कपडे घड्या घालत होती. जमेना, तेव्हा रायफल चादरीत गुंडाळून मागच्या सीटखाली सरकवलीस, पोरीच्या पायाशी. पोर अख्खा रस्ता झोपली होती म्हणे. पोरीच्या पायाशी, धाकट्या! याच्यावर मला पुढे लिहिता येत नाही.

काढलं मी ते काडतूस. शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला भिंतीजवळून उठवलं, नळीचं तोंड वाळूत केलं, तेल सोडलं आणि वाट बघितली. मग बोल्टमधली फायरिंग पिन काढून टाकली, म्हणजे टोपीला टोचायला काही उरलं नाही, आणि नुसता बोल्ट आत घालून आकडी पुंगळीच्या काठात अडकवली. झटका नाही, ठोका नाही, नुसता धरून ठेवलेला ताण. हात भरून आला तेव्हा एकदाचं सुटलं. बाबा दारात उभे राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, जणू मी बाळंत होत होते.

ते काडतूस त्यांनी दिव्याखाली धरलं. गोळी वर राहिलेली, पुंगळी मापात दाबलेली नाही. "कुठल्या गाढवानं भरलंय हे?" म्हणाले.

ते असू दे. त्याच्याकडे नंतर येते.

तुझ्या बायकोनं आणखी एक सांगितलं. हे पहिलं नाही. मागेही बाबांनी भरलेली काही काडतुसं तुझ्या रायफलीत बसेनात, ती तू गुपचूप खणात टाकलीस. म्हणजे त्यांचा हात चुकायला लागलाय हे तुला कधीपासून माहीत आहे. मला एका शब्दानं बोलला नाहीस. का, तर बाबांना वाईट वाटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण ही मूठ फक्त तुझ्या घरी नाही ना जात. त्यांची काडतुसं नेमबाजीच्या क्लबात जातात. शनिवारी स्पर्धेचा माल द्यायचाय. तिथे आडवी पडून नेम धरणारी माणसं आपल्या दुकानाची डबी बघून डोळे मिटून भरतात, कारण त्या डबीवर बाबांचं नाव आहे.

आता ते राहिलेलं.

"कुठल्या गाढवानं भरलंय?" असं बाबांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "मी."

का म्हणाले, माहीत नाही. स्टुलावर बसलेला तो चेहरा बघवला नाही. तोंडातून निघून गेलं. तुला शिव्या घालणारी मी, दिवस संपायच्या आत तुझ्याच पंगतीला जाऊन बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग बाबांनी मला जे झापलं, तसं लहानपणीसुद्धा झापलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकलं. मनात म्हटलं, मोकळे होतायत तर होऊ देत. पण शेवटी काय म्हणाले? "आजपासून भरायच्या यंत्राला हात लावायचा नाहीस. क्लबचा माल मी एकटा भरणार." झालं की नाही! तुझ्या खोट्यानं त्यांच्या हातात हातोडी दिली होती. माझ्या खोट्यानं सगळ्या क्लबची काडतुसं दिली. आणि तपासायला होते ती मीच, ती आता बाकड्याजवळ फिरकायची नाही.

आज दिवसभर ते भरतायत. खूश आहेत. शीळ घालतायत. मी डब्या उचलून माझ्या कपाटात ठेवते आणि तपासते. काही चांगल्या आहेत. काही नाहीत.

तू रविवारी ये, दोघं मिळून सांगू, असं लिहिणार होते. पुढचं उद्या लिहीन.

बुधवार, सकाळ

रविवारपर्यंत मला थांबवलं नाही. सकाळी ते यंत्रापाशी बसले, आणि मी कालच्या नापास डब्या समोर मांडल्या. म्हटलं, "बाबा, ही काडतुसं तुमची आहेत. रविवारचंही तुमचं होतं. मी खोटं बोलले. त्याच्या आधी तो खोटं बोलला."

त्यांनी एकेक काडतूस उचलून मापाच्या साच्यात घालून बघितलं. जे बसेना ते डावीकडे ठेवलं. डावीकडचा ढीग वाढत गेला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर उठून जातील. दोन्हीपैकी काही केलं नाही.

"तू शिव्या का खाल्ल्यास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि त्यानं?"

"तेच."

तेव्हा ते भडकले. रविवारचं झापणं त्याच्यापुढे लाडच होते. "दुसरा ठोका पडला असता तर वाईट वाटून घ्यायला मी उरलो असतो का? मला काय काचेच्या कपाटात ठेवलंय तुम्ही? माझा हात चुकला तर मला सांगायचं. मी तुमच्या हातावर पट्टी मारून सांगत होतो की नाही? की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो होतो?"

 याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर घेऊन ये.

यंत्र आता मी चालवतेय. ते शेजारी बसून माझं प्रत्येक काडतूस मापात घालून बघतात आणि खुसपटं काढतात. खुर्ची मात्र सोडलेली नाही, आणि तुझ्याशी बोलायला तयार नाहीत. मी विचारलं, त्याला काय लिहू? म्हणाले, "लिही, की समोर उभा राहा आणि सांग, बाबा, तुम्ही भरलेलं काडतूस बसलं नाही. एवढं म्हणता आलं तर ये. नाही आलं तर तुझी रायफल दुसऱ्या दुकानात टाक."

मी तुझ्या बाजूनं एक अक्षर बोलले नाही. बोलणारही नाही. रायफल माझ्या कपाटात कुलपात आहे, चांगली आहे, स्वतः बघितलीये.

पोरीला पापा. तिला मागच्या सीटवर एकटीलाच बसव.

तुझ्यावर अजून तितकीच चिडलेली, आणि रविवारी जेवायला तुझं पान मांडून ठेवणारी,
ताई