दोन सीटांचा ट्रॅक्टर

९ ऑक्टोबर, सकाळी ७.४०
आयुष्य बदललं ते आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. दुधाच्या ट्रकवर नवी ड्रायव्हर आली. नाव मारेन. तिने टाकीत मापाची पट्टी बुडवली, झाकणाशी नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाली, दूध चांगलंय. म्हणताना माझ्याकडे बघत होती. बाबाही शेजारी उभे होते, पण तो योगायोग.
ट्रक दिवसाआड येतो. म्हणजे आठवड्यातून साडेतीन वेळा.

११ ऑक्टोबर
मारेन म्हणाली, गारठा वाढला. मी हो म्हणालो. संभाषण वाढतंय.
खांद्याच्या ऑपरेशननंतर बाबांना शेण ओढवत नाही. जेवताना म्हणाले, हॅल्वर, गोठा साफ करेल आणि रस्त्यावरचा बर्फही काढेल असं एक छोटं मशीन बघ. तूच निवड. हिवाळा निभला तर गाई ठेवू, नाहीतर मार्चमध्ये विकून टाकू.
बेचाळीस गाई. गाई नाहीत तर दूध नाही. दूध नाही तर ट्रक नाही. ट्रक नाही तर... पुढचं लिहवत नाही.
संकल्प: एक, हातात घेतलेलं काम पुरं करणे. दोन, चिडणे बंद. (कॉलेज मी चिडून सोडलेलं नाही. सरांनी माझ्या उत्तरावर लाल रेघ मारली, मी पेपर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघून आलो. टेबल कलंडलं ते नंतर.)

१६ ऑक्टोबर
बाबांचं मत: जुना स्किड-स्टीअर घ्यावा. म्हणजे एक बुटका, उघडा, लोखंडी डबा, जागच्या जागी गिरकी मारणारा. शेजारच्या वेंडेलकडे तसलाच आहे. त्याचा गंज खरवडला तर खाली मशीन सापडेल की नाही, शंका आहे. मी बाबांना शांतपणे समजावलं की जग पुढे गेलंय. समजावताना मिठाची बरणी फुटली.

२० ऑक्टोबर
दुकानात गेलो. ड्वेन नावाच्या विक्रेत्याने छोटा ट्रॅक्टर दाखवला. पुढे शेण ओढायची बकेट लावा नाहीतर बर्फ उडवायचा ब्लोअर. काचेची केबिन, हीटर. आणि ड्रायव्हरशेजारी दुसरी छोटी सीट, वेगळी सांगून बसवून घ्यावी लागते. ड्वेन म्हणाला, चार वर्षांत ही सीट मागणारा तू पहिलाच. बरोबरच आहे. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.
घरी येऊन तक्ता केला. स्किड-स्टीअर: चार गुण. ट्रॅक्टर: एकोणीस गुण. (हीटर तीन, काच तीन, इतर चार, 'कौटुंबिक सोय' नऊ.) शास्त्रीय पद्धत.

२४ ऑक्टोबर
गोठ्याचं दार लेझरने मोजलं. ट्रॅक्टरच्या छतावर पूर्ण दोन इंच जागा उरते. बाबा म्हणाले, आत्ता मोजलंस? अरे, पण एकदा गोठायला लागलं की... मी म्हणालो, तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही ते एकदा सांगा. आणि पानावरून उठलो. राग नव्हे, स्वाभिमान. पॅनकेक मात्र राहिले.

१४ नोव्हेंबर
ट्रॅक्टर आला. मारेनला दाखवला. सीटही दाखवली. ती म्हणाली, वा, कुत्र्याची छान सोय केलीस. लाजली बहुतेक.

२ डिसेंबर
पहिला बर्फ, तीन इंच. रस्ता असा लख्ख केला की खडी मोजून घ्यावी. गोठ्यातही ट्रॅक्टर सुळकन आत, सुळकन बाहेर. बाबा म्हणाले, बरं चाललंय. आमच्या घरात याला भाषण म्हणतात.
मारेनने जाताना स्टीअरिंगवरून एक बोट वर केलं. तसं इथे नमस्कार म्हणून सगळेच सगळ्यांना करतात. तिचं जरा जास्त वेळ वर होतं.

९ जानेवारी
उणे सत्तावीस. ट्रॅक्टर गोठ्यात नेताना वर कर्रर्र आवाज झाला. केबिनचं छत चौकटीला लागलं. थंडीने जमीन फुगते म्हणे, वर शेण आणि पाणी थरावर थर गोठतं, आणि उंबरठा चार बोटं चढतो. बाबा म्हणाले, गोठ्याचं दार फेब्रुवारीत मोजायचं असतं रे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग मला कोणी कसं सांगितलं नाही?
उपाय: पहारीने बर्फ फोडणे. तीन तास फोडला. दुपारी गाईंनी तिथेच मुतून पुन्हा होता तसा केला. मुद्दाम.
तोवर बाबा डाव्या हाताने शेण ओढतायत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाच होता.

६ फेब्रुवारी, पहाटे ५.१०
सोळा इंच बर्फ. योजना: आधी वीस मिनिटांत गोठा, मग ब्लोअर लावून रस्ता. ६.१० ला मारेनला रस्ता मोकळा. उंबरठ्याचं उत्तर सापडलंय: वेग.

६ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
वेगाने अर्धं काम झालं. ट्रॅक्टर अर्धा आत गेला आणि छत चौकटीत पाचरीसारखं बसलं. पुढे नाही, मागे नाही. दोन्ही बाजूंना चौकट, त्यामुळे केबिनची दारंही उघडेनात. मी आत. हीटर उत्तम चालतो, हे नोंदवायला हवं.
दुधाची टाकी काठोकाठ भरलेली. आज ट्रक आला नाही तर संध्याकाळचं दूध गटारात. मारेनने ट्रक हमरस्त्यावर लावला आणि मांडीएवढ्या बर्फातून चालत आली. काचेतून मला बघितलं. बाबांना म्हणाली, हा आत किती वेळ आहे? बाबा म्हणाले, जन्मल्यापासून.
मग तिने खाली बसून चारही चाकांची हवा सोडली, पुढच्या दोन चाकांसाठी गोठ्याच्या मागच्या छोट्या दाराने आत जाऊन, एकेक करून. ट्रॅक्टर तीन इंच खचला आणि मी रिव्हर्समध्ये बाहेर आलो. ती म्हणाली, आता कशालाही हात लावू नकोस हं. काळजी वाटली असणार.
तिने फोन केला. अकरा मिनिटांत वेंडेल त्याचा गंजका डबा घेऊन हजर. वीस मिनिटांत रस्ता मोकळा. मग मारेन त्याच्या बकेटमध्ये बसली, पाय खाली सोडून, आणि हसत हसत ट्रकपर्यंत गेली. मी बाबांना म्हणालो, हे सुरक्षेच्या दृष्टीने चूक आहे. बाबा म्हणाले, त्या दोघांचं लग्न नाताळातच ठरलंय, साऱ्या गावाला माहीत आहे, तुला नव्हतं?
नव्हतं. मी मशीनच्या अभ्यासात होतो.

७ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
न्याहारीला बाबा म्हणाले, गाईंच्या व्यापाऱ्याशी बोललोय. पंधरा मार्चला नेतील. मी माझे मुद्दे लिहून ठेवले होते. एक, उंबरठा. दोन, गाई. तीन, ड्वेन. चार, वेळेवर माहिती न देणे. वाचायला घेतले तर ते म्हणाले, ट्रॅक्टर वाईट नाही रे पोरा, रस्ता छान करतो. पण खांदा माझा आहे. कॉफी संपवली आणि गोठ्यात गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता.
पंधरा मार्चपर्यंत ट्रकच्या अजून अठरा खेपा आहेत. साखरपुडे मोडतात. लोक वरचेवर...
खिडकीतून गोठ्याचं दार दिसतं. बाबांनी शेणाचा एक ढीग बाहेर ओढला आणि उलट्या बादलीवर बसले. उठले, दुसरा ओढला. पुन्हा बसले. एक गाय त्यांची बाही चाटतेय आणि ते चाटू देतायत. घराकडे एकदाही बघितलेलं नाही. बेचाळीस गाईंमागचं शेण, झालं असेल जेमतेम पाच जणींचं.
मुद्दा चार खोडला. मग एक. मग उरलेले दोन्ही.
हातमोजे घातल्यावर लिहिता येत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो: शेण ओढायला बाहेर पडलो, दार ओढून घेतलं.