भाजीचं पाणी

३ मार्च
पोटॅशियम पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं – "चोरून काही खाता का?" पडदे शिवताना घशाला कोरड पडते, तरी पाणीसुद्धा मोजून पिते मी. आणि म्हणे चोरून! अंगाचा तिळपापड झाला. पंधरवड्याने पुन्हा रक्त तपासायचं. तेव्हाही उतरलं नाही तर डायलिसिस. मला नकोय ते.

४ मार्च
बाजारात गेले. पालक नको, टोमॅटो नको, बटाटा तर नकोच. दुधी, कोबी, काकडी चालेल. भाजीवाली म्हणाली, "ताई, रोज दुधी? घरात कुणावर राग काढताय?" हसले. मग टोमॅटोच्या ढिगापाशी उगाच रेंगाळले.

६ मार्च
माझी किडनी बिघडल्यापासून आई इथेच राहते, स्वयंपाक तिच्याकडे. सोलते, बारीक चिरते, कोमट पाण्यात भिजवते, मग भरपूर पाण्यात उकडून निथळते. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं तस्संच. चव ओल्या पुठ्ठ्याची. तरी सगळी संपवली.

९ मार्च
नवऱ्याने माझा डबा उघडून पाहिला. मी दारातच होते. "झाकण सैल वाटलं म्हणून," म्हणाला. खोटं बोलताही येत नाही बिचाऱ्याला. स्वतःच्या घरात चोर ठरले – फार लागलं मनाला.

१२ मार्च
दुकानातलं शिलाई मशीन बिघडलं, लवकर घरी आले. आई कणीक मळत होती. शेजारी पातेल्यात हिरवट पाणी.
"हे कसलं गं?"
"तुझ्या भाजीचं. एवढं सत्त्व ओतून द्यायचं जिवावर येतं. रोज कणकेत घालते. तेवढीच तुला ताकद."
भाजीतून मोठ्या कष्टाने काढलेलं पोटॅशियम रोज माझ्याच पोटात जात होतं! डोकंच फिरलं. "मारायचंय का मला?" – बोलून गेले. तिने कणीक तशीच टाकली, हात धुतले, आतल्या खोलीत गेली.

१३ मार्च
कणीक आता नवरा मळतो. पोळी चावता चावता जबडा दुखतो. डब्याबद्दल माफी मागितली त्याने. मी आईची मागितली. "तुझं काही चुकलं नाही," एवढंच म्हणाली. भाजी चिरते, पण गॅसजवळ जात नाही.

१८ मार्च
पोटॅशियम उतरलं. डायलिसिस तूर्त टळलं. आईला सांगायला धापा टाकत घरी आले. ती बॅग भरून बसलेली.
"बरं झालं बाई. आता मला जाऊ दे. माझ्या हातांची मलाच भीती वाटते."