तांबी आणि ड्रॉइंगचा मास्तर

४ मार्च
बायकोने तांबी बसवून महिना झाला. मी स्वतः दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोबत गेलो होतो. मॉडर्न नवरा म्हणतात तो हाच. आज म्हणाली, रक्त फार जातंय, थांबतच नाही. म्हटलं, माझ्या ताईला विचार, बायकांचं बायकांना कळतं. विषय संपला.

७ मार्च, दुपारी साडेतीन
बायको शाळेतून लवकर घरी. स्कूटरवरून! पुढे तिच्या शाळेतला ड्रॉइंगचा मास्तर. मानेपर्यंत केस. म्हणे, चक्कर आली म्हणून सोडलं. मी संशयी नाही. नुसती तारीख लिहून ठेवतो. जन्म विजेचे मीटर वाचण्यात गेला, सवय लागते.

११ मार्च
पुन्हा मास्तर. माझ्याबरोबर बाजारात यायचं तर हिच्या कमरेत कळा. त्याच्या मागे बसायला बरी कंबर चालते! अंगाचा नुसता तिळपापड. तरी शांत राहिलो. ताट आपटलं नाही, हातातून निसटलं.

१२ मार्च
आजपासून जळणं बंद. सकाळी पळायला जाणार. केस वाढवणार. जे आहेत ते.

१६ मार्च
स्कूटर. हल्ली रोज काळे नाहीतर गडद निळे कपडे. मास्तरला आवडत असणार, कलाकार ना मेला! का म्हणून विचारलं, तर उठून कपडे भिजवायला गेली. झोपतेही मुलीच्या खोलीत. मनात चोर असला की असंच होतं.

१९ मार्च
स्कूटर. पळायला गेलो नाही, बूट चावतो.

२१ मार्च
स्कूटर. केस जैसे थे.

२४ मार्च
सोक्षमोक्ष लावायला रजा टाकून शाळेत गेलो. मास्तरच धावत आला, हाताला धरून स्टाफरूममध्ये नेलं. बायको बाकावर आडवी, पांढरीफटक. मास्तर मलाच झापतो, बाई महिनाभर रक्त जातंय म्हणून सांगतायत, घरी कुणाला कान नाहीत का?

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, हिमोग्लोबिन सात. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, पण इतका अंगावर काढायचा नसतो. तांबी काढली. दोन दिवस ठेवून घेतलंय. जास्त त्रास कोणकोणत्या दिवशी झाला, असं विचारलं. बायकोला आठवेना. मी घडाघडा सांगितलं, सात, अकरा, सोळा, एकोणीस, एकवीस. डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, बायकोकडे इतकं लक्ष देणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं.

नर्सने विचारलं, परवा घरी न्यायला कोण येणार? बायको म्हणाली, मास्तरांना फोन करा.

मी तिच्या उशाशीच उभा होतो.