कारणाचा रकाना

प्रिय धाकटे,

छोटी बरी आहे, हे आधी सांगतो, नाहीतर बाकीचं पत्र सोडून तू तेवढंच शोधत बसशील. जेवते, शाळेत जाते, तेराच्या पाढ्याला अडते. ते तुझ्यावरच गेलंय. माझ्याकडे येऊन तिला उद्या तीन आठवडे होतील. आईकडे कधी जायचं, असं मी रोज विचारतो आणि ती रोज मान खाली घालून बुटाच्या नाड्या बांधत बसते. काल मात्र तिने मलाच विचारलं, की ती बाळ असताना आई तिला मारणार होती का. मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. वर्गातल्या कुठल्याशा मुलीने तिला सांगितलंय; त्या मुलीची आई आपल्याच हॉस्पिटलात कामाला आहे. आता कुणाकुणाचं तोंड धरणार.

मला ती दुपार अजून जशीच्या तशी आठवते. छोटी बारा दिवसांची, तुझा नवरा जहाजावर, आणि तू नोंदी विभागात माझ्या खिडकीशी येऊन उभी. बाळ माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, दादा, हिला माझ्यापासून लांब ठेव. मग स्वतःच्या पायांनी मनोविकार वॉर्डात गेलीस. स्वतःच्या पायांनी, हे मी लोकांना किती वेळा ओरडून सांगू असं होतं. पाच आठवड्यांत बरी होऊन आलीस, छोटीला छातीशी धरलंस, आणि पुढे नर्स म्हणून बाळांच्याच वॉर्डात आठ वर्षं काढलीस. तुझ्या हातून एका बाळाला साधा ओरखडा उठला नाही. आणि आता तुला घरी बसवलंय.

त्या पाच आठवड्यांचं खरं कारण माहीत होतं ते तुझ्या डॉक्टरांना, मला आणि तुझ्या मैत्रिणीला, बडबडीला. डॉक्टर वारले. राहता राहिली बडबडी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळं हॉस्पिटल म्हणतं. तिने त्या पाच आठवड्यांत छोटीला आपल्या घरी सांभाळलं, पण बोभाटा झाल्यावर ते कोण लक्षात ठेवतं? तिनेच हे फोडलं असं धरून तू तिच्याविरुद्ध तक्रार केलीस, बावीस वर्षांची मैत्री एका अर्जात संपवलीस. तुला मी दोष देत नाही. अर्जाचा मजकूर मीच तर नीट करून दिला. सोमवारी चौकशी आहे आणि तिची नोकरी जाणार, हे समितीच्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे.

आता माझं ऐक. वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे ते एआय आलं, आठवतं? काहीही विचारा, हॉस्पिटलच्या सगळ्या फायली वाचून ते दोन ओळींत उत्तर देणार. त्याने कोणत्या फायली वाचायच्या नाहीत, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. तीस वर्षं नोंदी सांभाळल्याचं बक्षीस म्हण. मी सहा आठवडे मान मोडून बसलो आणि दोनशे चौदा फायली बंद केल्या. पहिली तुझी. यंत्राने डोकं आपटलं असतं तरी त्या उघडल्या नसत्या, इतक्या पक्क्या. पण तुला माझी खोड माहीत आहे. कारण लिहिल्याशिवाय कुठलीही फाइल बंद करायची नाही, हे मी हाताखालच्या लोकांना इतकी वर्षं घोकायला लावलं. म्हणून मी यादी केली: फाइल नंबर, नाव आणि बंद करण्याचं कारण. तुझ्यापुढे लिहिलं, ‘बाळाला आपल्या हातून इजा होईल या भीतीने स्वतःहून दाखल. पूर्ण बरी. सध्या बाळांच्या वॉर्डात नर्स, म्हणून विशेष गुप्तता.’ फार काळजीपूर्वक लिहिलं होतं गं. ती यादी मंजुरीसाठी समितीच्या फोल्डरमध्ये ठेवली. आणि ते फोल्डर मी बंद केलं नाही. दोनशे चौदा कुलपं लावली आणि कुठल्या कुलपामागे काय आहे, ते लिहून दारावर चिकटवलं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

यंत्राला कोण काय विचारतं, याची नोंद फक्त मला दिसते. अकरा दिवसांपूर्वी मी ती उघडली. मेट्रनने ड्युट्या लावताना विचारलं होतं, बाळांच्या वॉर्डातल्या कुणाबद्दल काही ध्यानात ठेवावं का. यंत्राने अदबीने तुझं नाव दिलं आणि माझं वाक्य दिलं. थोडक्यात सांगायचं म्हणून ‘पूर्ण बरी’ तेवढं गाळलं. मेट्रन ते वॉर्डात बोलली, पण यंत्राला असं विचारायची मनाई होती, म्हणून कुठून कळलं ते तिने लपवलं. आणि मी? मी अकरा दिवस तुझ्या समोर बसून चहा प्यायलो आणि तू बडबडीला शिव्या देत होतीस, त्या ऐकत राहिलो. यादी काल पुसली. पण लोकांच्या डोक्यातून कशी पुसू? छोटीच्या डोक्यातून कशी पुसू?

परवा न राहवून बडबडीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, दार तोंडावर आपटेल. तिने मला आत बसवलं. मग म्हणाली, हे तिला सांगू नकोस. मैत्रीण गेली ते तिने सोसलं, आता भाऊही गेला तर पोरीला घेऊन ती कुणाकडे बघेल? सोमवारी मी मान्य करून टाकते, मीच बोलले म्हणून. आणि धाकटे, मी तिला लगेच नाही म्हटलं नाही. घरी येईपर्यंत मी तिच्या म्हणण्याचा विचार करत होतो. म्हणून हे पत्र लिहितोय. समितीला सोमवारी सांगेनच, पण तुला ते त्यांच्याकडून कळायला नको. आज बडबडीकडे जा. आणि छोटीला न्यायला येशील तेव्हा मी घरात असावं की नसावं, तेवढं कळव.

तू अजून म्हणू देशील तर, तुझाच
दादा