गाडीएवढे कोरे चौकोन

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

दोन वर्षं आमच्या सायकल गटाने पालिकेचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे आमच्या रस्त्यावर हिरवा सायकलपट्टा आला. पण रंगारी आले त्या दिवशी कडेला सात गाड्या उभ्या होत्या. त्या हलवायचं सोडून या शहाण्यांनी त्यांच्या भोवतीने रंग मारला! आता पट्ट्यात गाडीएवढे सात कोरे चौकोन आहेत आणि लोक नेमके त्यांतच गाड्या लावतात. हटकलं तर म्हणतात, "ताई, जागा आखून दिलीय ना!" साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "काम पूर्ण झाल्याची सही झाली." डोकं फिरायची वेळ आलीय.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग.

आणि हो, रविवारी सगळे मिळून सायकलवर निघालो होतो, तेव्हा अशाच एका गाडीला वळसा घालताना मी पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तीन आठवड्यांत निघेल. बाबांना सांगू नकोस. ते लगेच म्हणतील, सायकल सोड, गाडी घे. आजवर 'लावायला जागा नाही' म्हणून मी सुटायचे; आता तेही म्हणायची सोय राहिली नाही.

तुझी वैतागलेली,
थोरली