डाव्या मोटरचं झाकण

प्रिय चिमणे,

खुशाली विचारायला हे पत्र नाही. मी रागावलोय, हे पहिल्याच ओळीत कळलेलं बरं.

मंगळवारी शर्यतीच्या रिमोटवाल्या छोट्या बोटीच्या डाव्या मोटरचे कार्बन बदलायला घेतले, तर ते ज्यात बसतात त्या मागच्या झाकणाच्या कडेला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका. झाकण मी ठेवलं होतं त्याच्या उलट बाजूला फिरवलेलं, आणि पुन्हा हलू नये म्हणून वर तुझा ठिपका. कोनमापक लावून मोजलं. माझ्या खुणेपासून अठरा अंश. आईला विचारलं, तर ती हातातलं काम न सोडता म्हणाली, "तिनेच केलं, शर्यतीच्या आदल्या दिवशी. तुम्हाला सांगून काही उपयोग होता का?"

वीस वर्षं मी मोटरी उघडतोय. कॉलेजात गेलो नाही, जळलेल्या मोटरींनी शिकवलं तेवढं शिकलो. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा स्टुलावर उभी राहून मला मीटरचे आकडे वाचून दाखवायचीस. या दोन मोटरी टेबलावर एकाच दिशेने फिरवल्या तर अगदी सारख्या, मिनिटाला चौदा हजार दोनशे फेरे. बोटीत डावी उलट फिरते, आणि पाण्यात उतरली की बोट डावीकडे ओढायची. मग शर्यतीच्या दिवशी ती एकाएकी सुतासारखी सरळ गेली. मला वाटलं, मोटरी बादलीभर पाण्यात दोन तास हळू चालवून कार्बन घासून नीट बसवले, त्याचा हा गुण. छाती फुगवून सगळ्यांना तेच सांगितलं. तू शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होतीस.

आता तळ्यावर बोटी चालवणारे अकरा जण माझ्या शब्दावर बादल्या घेऊन बसतात आणि अकरा बोटी डावीकडे ओढतात. त्यांतल्या शिंप्याने चार वेळा सुकाणू नवीन केलं. निवृत्त नर्सबाई मागच्या रविवारी म्हणाल्या, माझ्याच हातात कसब नाही, विकून टाकते बोट. मी मान हलवत ऐकून घेतलं. हे तुझ्या गप्प बसण्यामुळे.

माझी चूक सुधारलीस याचा राग नाही. खोटं कशाला बोलू, त्याचाही आहे. पण बापाला खरं सोसणार नाही, हे तुम्ही मायलेकींनी परस्पर ठरवून टाकलंत. ठरवायला कारण मीच दिलं असेल. एकदा तू माझा सोल्डरचा डाग नीट बसला नाही म्हणालीस, तेव्हा मी तीन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. डाग खरंच बसला नव्हता.

पुढच्या रविवारी त्या अकरा जणांना मी सांगणार आहे, की बादलीचा काही संबंध नव्हता आणि दुरुस्ती माझी नव्हती. झाकण किती फिरवायचं ते माझ्याकडे आहे. पण उलट फिरणाऱ्या मोटरचं झाकण उलट का, हे नर्सबाई विचारणारच. तीन दिवस कागद खराब केले. मला येत नाही. रविवारच्या आत लिहून पाठव. आकृती काढ, आणि मला समजेल इतकं सोपं लिही.

तुझाच, अजून रागावलेला,
बाबा