वहीची कोरी पानं

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पोथ्यांचं सागवानी कपाट, जुने कागद बांधून ठेवलेले लाल कापडाचे एकशे बारा रुमाल, प्रत्येकावरची चिठ्ठी, लाकडात कोरलेला संग्रहाचा शिक्का. सगळं माझ्या हातचं. मोडीसुद्धा माझी मीच शिकलो.

आज गंगापूरचे एक गृहस्थ आले. घराण्याचा इतिहास शोधतोय म्हणाले. शंभरेक वर्षांपूर्वीची मोडी वही दाखवली, तर त्यांनी ती थेट मागून उघडली. तिथं बावीस पानं कोरी आहेत. एकेक पान खिडकीच्या उजेडात धरून मोजलं. लिहिलेलं पाहिलंच नाही!

ते हात धुवायला गेले तशी सौ. कुजबुजली, "अहो, यानं एक ओळ बी वाचली नाय. इतिहास काय कोऱ्या पानावर असतो व्हय?"

ते परत आल्यावर मी विचारलं, "मोडी येते का?"

"नाय हो दादा. पण लिहिणारा माणूस हाय आपल्याकडं."

लिहिणारा? वाचणारा का नाही? जुन्या कागदावर आज लिहिलं तरी ते जुनंच दिसणार. कुणाची जमीन लाटायची असेल? की उगाच संशय घेतोय मी? मग कोरी पानंच का मोजली?

ते गेल्यावर बावीसही पानांवर शिक्का मारला. जुन्या कागदाला शाई लावायची नाही, हा माझाच नियम. आज मोडला.

जाताना म्हणाले होते, "वही राहू द्या दादा, मागची पानं तेवढी द्या. पानाला धा हजार." नाही म्हणालो. दोन लाख वीस हजार.